नॅशनल ट्रस्ट की इंग्लिश हेरिटेज? इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबासाठी वारसास्थळांचं सदस्यत्व, खर्च आणि भेटीचं नियोजन

इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्याच उन्हाळ्यात हा विषय निघतो. मुलांना सुट्टी लागलेली असते, पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा आलेले असतात आणि हवामानखात्याने दोन दिवस ऊन सांगितलेलं असतं. कुठल्या तरी गढीच्या किंवा जुन्या वाड्याच्या दाराशी पोहोचलं की काउंटरवरची व्यक्ती हसून विचारते, "मेंबर आहात का?" नाही म्हटलं की तिकिटाचा आकडा ऐकू येतो, आणि मागे रांग लागलेली असताना वर्षभराच्या वर्गणीचा निर्णय दोन मिनिटांत घ्यावा लागतो. हा निर्णय घरी, शांतपणे घ्यायचा असतो. तो कसा घ्यायचा, पैसे कुठे वाचतात, कुठे उगीच जातात आणि तिथे गेल्यावर दिवस चांगला कसा जातो, ते इथे क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो. सदस्यत्व घेताना देशभरातल्या नामांकित स्थळांची यादी पाहू नका. तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरात काय आहे, ते पाहा. दूरच्या प्रसिद्ध जागी माणूस आयुष्यात एकदा जातो. जवळच्या बागेत मात्र वर्षातून सहा-सात वेळा जाणं होतं, आणि वर्गणी खरी वसूल होते ती तिथेच.

पहिली पायरी: कुठली जागा कोणाची, ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. भारतात बहुतेक संरक्षित स्मारकं पुरातत्त्व खात्याकडे किंवा राज्य सरकारकडे असतात, त्यामुळे इथेही एकच कोणी तरी असेल असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही.

नॅशनल ट्रस्ट ही १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली या तिघांनी स्थापन केलेली धर्मादाय संस्था आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधले जुने सरदारी वाडे, त्यांच्या बागा, जंगलं आणि समुद्रकिनाऱ्याचे लांबच लांब पट्टे तिच्याकडे आहेत. सदस्य ५० लाखांहून अधिक. घराच्या आत जाऊन पलंग, पडदे, ग्रंथालय, स्वयंपाकघर पाहायचं आणि मग बागेत फिरायचं, असा इथला बहुतेक दिवस असतो.

इंग्लिश हेरिटेजकडे ४०० हून अधिक स्थळं आहेत आणि ती मुख्यतः इंग्लंडमधली सरकारी ताब्यातली स्मारकं आहेत: स्टोनहेंज हे प्राचीन दगडी वर्तुळ, डोव्हर आणि केनिलवर्थचे किल्ले, हेड्रियनच्या भिंतीवरची रोमन ठाणी, पडझड झालेले मठ. २०१५ पासून ही स्वतंत्र धर्मादाय संस्था म्हणून काम करते. किल्ले आणि अवशेष म्हटलं की बहुधा हीच.

स्कॉटलंडची नॅशनल ट्रस्ट वेगळी, १९३१ सालची. स्कॉटलंडमधले सरकारी किल्ले, म्हणजे एडिनबरा, स्टर्लिंग वगैरे, हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडकडे आहेत. वेल्समधले काँवी, कार्नार्वन हे किल्ले कॅडू या तिथल्या सरकारी संस्थेकडे. टॉवर ऑफ लंडन, हॅम्प्टन कोर्ट आणि केन्सिंग्टन पॅलेस हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेसकडे. विंडसरचा किल्ला रॉयल कलेक्शन ट्रस्टकडे. वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स यांचा यांपैकी कोणाशीच संबंध नाही. बाथमधली रोमन स्नानगृहं तिथल्या कौन्सिलची, वॉरिकचा किल्ला एका मनोरंजन कंपनीचा. ब्लेनिम, चॅट्सवर्थ, हायक्लिअर ही घरं या दोन्ही संस्थांच्या बाहेरची. स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टच्या जागा सोडल्या, तर यातल्या कुठल्याही ठिकाणी नॅशनल ट्रस्टचं कार्ड दाखवून फुकट प्रवेश मिळत नाही.

हेड्रियनच्या भिंतीवर तर एकाच रस्त्यावर तीन तऱ्हा आहेत. चेस्टर्स आणि बर्डोस्वाल्ड ही इंग्लिश हेरिटेजची ठाणी. हाउसस्टेड्सची मालकी नॅशनल ट्रस्टची आणि व्यवस्था इंग्लिश हेरिटेजची, म्हणून तिथे दोघांचेही सदस्य फुकट जातात. तिथून जवळचंच विंडोलांडा मात्र स्वतंत्र न्यासाचं आहे, तिथे सगळ्यांनाच तिकीट काढावं लागतं. आणि विंडोलांडा चुकवू नये: रोमन सैनिकांनी शाईने लिहिलेल्या लाकडी पत्रांच्या पातळ पाट्या तिथल्याच चिखलात सापडल्या.

म्हणून सहलीचं ठरवताना प्रत्येक जागेसमोर ती कोणाची आहे ते लिहून ठेवा. या एका सवयीने निम्मी निराशा टळते.

दुसरी पायरी: आकडेमोड, आपल्या घराची

वर्गणी दर वर्षी थोडी वाढते, तेव्हा भरण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा आकडा पाहाच. अंदाज म्हणून २०२५ च्या सुमाराचे आकडे असे: नॅशनल ट्रस्टची एका प्रौढाची वार्षिक वर्गणी ९५ पाऊंडांच्या आसपास, दोन प्रौढ आणि मुलं अशा कुटुंबाची १७० च्या घरात. इंग्लिश हेरिटेजची एका प्रौढाची ७५ ते ८०, एकाच पत्त्यावरच्या दोघांची मिळून साधारण १३० ते १४०.

आता फरक पाहा. इंग्लिश हेरिटेजमध्ये मुलांसाठी वेगळी कौटुंबिक वर्गणी लागतच नाही. प्रत्येक प्रौढ सदस्याबरोबर घरातली १८ वर्षांखालची सहापर्यंत मुलं फुकट जातात. म्हणजे नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावावर सदस्यत्व घेतलं तरी मुलांचा प्रश्न सुटतो. ज्या घरात शनिवार-रविवारी एकालाच मुलांना घेऊन बाहेर पडता येतं, त्या घरासाठी ही फार मोठी सोय आहे. नॅशनल ट्रस्टमध्ये मुलांसाठी कौटुंबिक प्रकार घ्यावा लागतो. त्यातही एक प्रौढ अधिक मुलं असा स्वस्त प्रकार आहे. पाच वर्षांखालच्यांना तसंही तिकीट नसतं. १८ ते २५ वयाच्या तरुणांना नॅशनल ट्रस्टची वर्गणी जवळपास निम्मी पडते. मास्टर्स करायला आलेल्या मुलामुलींना हे सहसा कोणी सांगत नाही.

हिशेब असा मांडायचा. समजा आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं आहेत. नॅशनल ट्रस्टच्या मोठ्या वाड्याचं प्रौढ तिकीट १८ पाऊंड आणि मुलांचं ९ धरलं, तर एका भेटीचे ५४ झाले. १७० पाऊंड वर्गणी चौथ्या भेटीत वसूल होते. इंग्लिश हेरिटेजच्या मोठ्या किल्ल्यावर प्रौढांचे २२ आणि मुलांचे १३ धरले तर एका दिवसाचे ७०. म्हणजे दुसऱ्या सहलीतच दोघांची वर्गणी निघून येते. मात्र इंग्लिश हेरिटेजची एवढी महाग तिकिटं मोजक्याच ठिकाणी आहेत. त्यांच्या निम्म्याहून जास्त जागांना मुळात तिकीटच नाही. उघड्या माळावरचा बुरूज, गावाबाहेरच्या मठाच्या भिंती, अश्मयुगीन थडगी अशा अडीचशेहून अधिक ठिकाणी कोणीही, सदस्य नसतानाही, चालत आत जाऊ शकतो. तुमच्या जवळ फक्त अशाच जागा असतील तर वर्गणी कशाला भरायची?

आणखी एक खर्च हिशेबात धरला जात नाही, तो पार्किंगचा. नॅशनल ट्रस्टच्या बहुतेक वाहनतळांवर सदस्यांना पैसे पडत नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर किंवा डोंगराच्या पायथ्याशी दिवसभर गाडी ठेवायची तर इतरांना बरेच पाऊंड मोजावे लागतात. लेक डिस्ट्रिक्ट किंवा कॉर्नवॉलला आठवडाभर जाणार असाल, तर नुसत्या पार्किंगमध्ये वर्गणीचा चांगला वाटा सुटतो. एक लक्षात ठेवा: फुकट असलं तरी यंत्रावर कार्ड स्कॅन करून चिठ्ठी घ्यावी लागते, आणि कुटुंबातलं कार्ड ज्याच्या फोनमध्ये आहे तोच जर पुढे टेकडी चढायला निघून गेला असेल तर पंचाईत होते. घरातल्या दोन्ही प्रौढांच्या फोनमध्ये कार्ड ठेवा, कारण अशा जागी नेटवर्कही नसतं.

मग दोघांपैकी कोणतं? माझं सांगणं असं. मुलं सहा ते बारा वयाची असतील, धावायला-चढायला लागत असेल, तर पहिलं वर्ष इंग्लिश हेरिटेज. रायगड-प्रतापगडाच्या गोष्टी ऐकलेल्या मुलांना खंदक, तटबंदी, जंग्या आणि बालेकिल्ला समजावून सांगावा लागत नाही, केनिलवर्थला पोचल्या पोचल्या ती स्वतःच शोधू लागतात. घरात तान्हं बाळ असेल, किंवा आई-वडील वर्षातून काही महिने राहायला येत असतील, तर नॅशनल ट्रस्ट. सपाट वाटा, बसायला बाकं, स्वच्छ प्रसाधनगृहं आणि चहा हे सगळं एका जागी मिळतं. दोन्ही एकाच वर्षी घेऊ नका. एक वर्ष हे, एक वर्ष ते, असं आलटून पालटून केलं तर दोन्हीचा पुरेपूर उपयोग होतो.

तिसरी पायरी: भरताना काय पाहायचं

काउंटरवर पहिला प्रश्न असतो गिफ्ट एडचा. तुम्ही इथे आयकर भरत असाल, तर तुम्ही दिलेल्या प्रत्येक पाऊंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. तुम्हाला जादा काही द्यावं लागत नाही, म्हणून वर्गणी भरताना करदात्याने होकार जरूर द्यावा. पण दोन गोष्टी सांभाळा. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांच्या नावाने हा होकार देता येत नाही, कारण ते इथे कर भरत नाहीत. आणि एक दिवसाच्या तिकिटाचे कित्येक ठिकाणी दोन दर असतात: साधा आणि देणगीसह. देणगीचा दर सुमारे दहा टक्के जास्त असतो. दोन्हींत प्रवेश तोच मिळतो. देणगी द्यायची की नाही ती तुमची इच्छा, फक्त ती न कळत जाऊ नये.

दुसरं म्हणजे डायरेक्ट डेबिट. वर्ष संपलं की वर्गणी आपोआप पुढच्या वर्षासाठी कापली जाते. त्याआधी पत्र किंवा ईमेल येतं, पण ते नको असलेल्या मेलच्या ढिगात हरवतं. सदस्यत्व घेतलं त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये अकरा महिन्यांनंतरची आठवण लावून टाका.

तिसरं: एकदा तिकीट काढून आत गेलात आणि जागा आवडली, तर बाहेर पडण्याआधी त्याच दिवशी सदस्यत्व घ्या. तिकिटाचे पैसे वर्गणीतून वळते करून देण्याची पद्धत आहे. तिकीट जपून ठेवा आणि आधीच विचारा. म्हणजे पहिल्याच दिवशी रांगेत घाईघाईने ठरवायची गरज उरत नाही. आधी पाहा, मग ठरवा. ऑनलाइन घेतलेलं सदस्यत्व न वापरता १४ दिवसांच्या आत रद्दही करता येतं.

स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टचं कार्ड इंग्लंडमधल्या नॅशनल ट्रस्टच्या जागांवर चालतं, आणि त्यांची वर्गणी सहसा कमी असते. म्हणून इंग्लंडमध्ये राहून तिकडचं कार्ड घेणारे आहेत. नियमात बसतं, पण एक अपवाद आहे: स्टोनहेंज. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टचे सदस्य तिथे फुकट जातात, कारण दगडांभोवतीच्या जमिनीचा मोठा भाग ट्रस्टकडे आहे. स्कॉटलंडच्या कार्डाला ही सवलत नाही. ज्यांना मुळात स्टोनहेंज आणि आसपासची दोन-चार बागाच पाहायच्या आहेत, त्यांनी इंग्लंडचंच घ्यावं.

इंग्लिश हेरिटेजच्या सदस्यांना स्कॉटलंड आणि वेल्समधल्या सरकारी किल्ल्यांवर पहिल्या वर्षी निम्म्या दरात आणि नूतनीकरणानंतर फुकट प्रवेश आहे. म्हणून एडिनबराची सहल दुसऱ्या वर्षात ठेवा. चार जणांच्या कुटुंबाला तेवढ्यानेच चांगला फरक पडतो. वेळ मात्र आधीच आरक्षित करावी लागते.

भारतातून फक्त पंधरवड्यासाठी येणाऱ्या नातेवाइकांसाठी वर्षाची वर्गणी भरणं शहाणपणाचं नाही. इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पर्यटकांसाठी ९ दिवसांचा आणि १६ दिवसांचा पास असतो. स्टोनहेंज, डोव्हर आणि आणखी एखादा किल्ला असा बेत असेल तर तो परवडतो. लंडनमध्येच राहणार असतील तर त्याची गरज नाही. विंडसरला जाणार असतील तर तिकीट थेट रॉयल कलेक्शन ट्रस्टकडून काढा. आत असतानाच ते वर्षभराच्या पासात बदलून घेता येतं आणि पुढच्या खेपेला आत्या-काका आले की तुम्ही त्यांच्याबरोबर पुन्हा जाऊ शकता. मध्यस्थ कंपनीकडून काढलेल्या तिकिटाला ही सोय मिळत नाही.

आई किंवा बाबांना नीट दिसत नसेल, विसरभोळेपणा असेल, चाकाची खुर्ची लागत असेल, तर त्यांच्याबरोबरच्या सोबत्याला दोन्ही संस्था फुकट आत घेतात. नॅशनल ट्रस्टचं त्यासाठी वेगळं कार्ड मिळतं. हे मागावं लागतं, समोरून कोणी देत नाही. मागताना संकोच करू नका, इथे तो त्यांचा हक्क समजला जातो. साठीच्या आणि पासष्टीच्या पुढच्यांसाठीही सवलती आहेत. नॅशनल ट्रस्टमध्ये त्या बरीच वर्षं सदस्य राहिलेल्यांनाच मिळतात, तर इंग्लिश हेरिटेजमध्ये ज्येष्ठांचा दर पहिल्या दिवसापासून लागू होतो. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्या कुटुंबांना टॉवर ऑफ लंडन आणि हॅम्प्टन कोर्टची तिकिटं एक पाऊंडात मिळतात.

चौथी पायरी: स्टोनहेंज नीट पाहणं

मराठी पाहुण्यांच्या यादीत ही जागा हमखास असते आणि परत येताना निम्मे जण म्हणतात, "दगडच तर होते." यात चूक जागेची नाही, तिथे ज्या पद्धतीने जाणं होतं त्याची आहे. बसच्या फेरीत मिळालेल्या पाऊण तासात फोटो काढून परत येणाऱ्याला ते दगडच दिसणार.

सदस्य असलात तरी वेळ आरक्षित करा. तिकीट काढणाऱ्यांना दर दिवसागणिक आणि हंगामागणिक वेगळा पडतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी आधी काढलं तर स्वस्त. स्वागतकेंद्रापासून दगड दोन किलोमीटरवर आहेत आणि तिथे फुकट बस जाते. आई-बाबांना बसने पाठवा, तुम्ही आणि मुलं मात्र निम्म्या वाटेवर उतरून माळावरून चालत जा. वाटेत कांस्ययुगातल्या थडग्यांचे उंचवटे लागतात, आणि दगड क्षितिजावर हळूहळू मोठे होत येतात. आधी स्वागतकेंद्रातलं प्रदर्शन पाहा. उभे मोठे सार्सन दगड सरासरी २५ टनांच्या घरातले आहेत आणि ते सुमारे २५ किलोमीटरवरून आणलेले. आतले लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांमधले. आणि मधोमध आडवा पडलेला वेदीचा दगड तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून, सातशे किलोमीटरहून दूर असलेल्या प्रदेशातून आला, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. हे ठाऊक असताना दोरीबाहेरून घातलेली प्रदक्षिणा वेगळीच होते. दगडांच्या आत जायचं असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी मर्यादित लोकांसाठी वेगळं, महाग तिकीट असतं. ते सदस्यत्वात धरलेलं नसतं आणि फार आधी संपतं.

तिकिटाबद्दल बोलतोच आहोत तर इथला एक किस्सा सांगायलाच हवा. १९१५ साली हे दगड लिलावात निघाले आणि सेसिल चब नावाच्या स्थानिक माणसाने ते ६,६०० पाऊंडांना घेतले. तीन वर्षांनी त्याने ते देशाला देऊन टाकले. देताना अटी घातल्या: प्रवेशशुल्क एका शिलिंगपेक्षा जास्त नसावं आणि आसपासच्या रहिवाशांना फुकट सोडावं. शिलिंगची अट काळाच्या ओघात गेली. पण स्थानिकांसाठीचा पास आजही आहे. सॉल्सबरी-एम्सबरीच्या बाजूला राहणारं मराठी कुटुंब असेल तर पत्त्याचा पुरावा देऊन तो जरूर मागा.

पाचवी पायरी: आपल्या इतिहासाचे धागे जिथे सापडतात, तिथे मुद्दाम जा

लंडनमध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर ॲप्सली हाउस आहे, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं घर, इंग्लिश हेरिटेजचं. बहुतेक लोक इथे नेपोलियनचा भव्य संगमरवरी पुतळा आणि स्पेनमधून आलेली चित्रं पाहायला येतात. आपल्यासाठी इथे आणखी एक गोष्ट आहे. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढाई जिंकली. दख्खनमध्ये त्याच्या हाताखाली लढलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला भेट दिलेला जेवणाचा संच या घराच्या संग्रहात आहे. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची ही भांडी 'डेक्कन सर्व्हिस' याच नावाने ओळखली जातात. जालन्याच्या मातीत झालेल्या रक्तपाताची आठवण लंडनच्या मेजवान्यांत मांडली गेली, हे त्या चकाकीसमोर उभं राहून मुलांना सांगावं. वॉटर्लूची गोष्ट त्यांना शाळेत कळते. असईची आपण सांगितली तरच कळेल. जाण्याआधी उघडण्याचे दिवस तपासा, हे घर रोज उघडं नसतं. याच माणसाचे खरे वेलिंग्टन बूट केंटमधल्या वॉल्मर किल्ल्यात आहेत. १८५२ मध्ये त्याचा मृत्यू तिथेच झाला.

आइल ऑफ वाइट बेटावरचं ऑस्बर्न हाउस हे राणी व्हिक्टोरियाचं आवडतं घर. तिथला दरबार हॉल १८९० च्या सुमारास बांधला गेला आणि त्यातलं नक्षीकाम लाहोरच्या भाई राम सिंग यांच्या हातचं आहे. पांढऱ्या प्लास्टरमधला मोर, जाळीकाम आणि गणपती पाहिला की पाहुणे आई-बाबा तिथेच खुर्ची शोधतात. दरबाराकडे जाणाऱ्या वाटेवर भारतीय माणसांची लहान लहान चित्रं लावली आहेत: विणकर, सैनिक, कारागीर. राजेमहाराजांच्या तसबिरी सगळीकडे असतात. नावगाव असलेल्या कारागिरांच्या चेहऱ्यांसमोर थांबायला वेळ ठेवा. खर्चाचं गणित मात्र इथे वेगळं आहे. घराचा प्रवेश सदस्यत्वात होतो, पण उन्हाळ्यात गाडीसह बोटीचं भाडं तिकिटापेक्षा कितीतरी जास्त पडतं. साउदम्पटनला गाडी ठेवा, पायी प्रवासी म्हणून ईस्ट काउझला उतरा. तिथून ऑस्बर्न दीडेक मैल आहे आणि बस जाते.

वेल्समधल्या पोविस किल्ल्यात, जो नॅशनल ट्रस्टकडे आहे, क्लाइव्ह कुटुंबाने भारतातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. टिपू सुलतानचा छापील कापडाचा तंबू त्यातच आहे. डर्बीशायरमधल्या केडल्स्टन हॉलमध्ये लॉर्ड कर्झनने जमवलेल्या वस्तू आहेत. अशा खोल्यांमधून आपण नुसतेच "वा, काय सुंदर" म्हणत पुढे गेलो तर अर्धीच भेट झाली. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या ९३ स्थळांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला. त्यावरून इथे मोठा वाद झाला, पण प्रश्न विचारायला दार उघडलं. ही वस्तू इथे कशी आली, हा प्रश्न खोलीत उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला जरूर विचारा. बहुतेक जण मनापासून उत्तर देतात, आणि माहीत नसेल तर शोधून कळवणारेही भेटतात.

सहावी पायरी: प्रत्यक्ष दिवस

लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लो, हॅरो, स्लाव या भागांत मराठी वस्ती भरपूर आहे. त्यांच्यासाठी सुरुवातीला ऑस्टर्ली पार्क उत्तम. पिकॅडिली लाइनच्या ऑस्टर्ली स्टेशनवरून चालत जाता येतं. हे घर ज्या चाइल्ड कुटुंबाचं होतं त्याचे ईस्ट इंडिया कंपनीशी जवळचे संबंध होते, तेव्हा वरचा धागा इथेही सापडतो. मेडनहेडजवळचं क्लिव्हडन नदीकाठच्या फेरफटक्यासाठी. हार्टफर्डशायरमधलं ॲशरिज एप्रिलअखेर ब्लूबेल फुलांच्या निळ्या गालिच्यासाठी.

वाड्यांच्या आतल्या खोल्या अंधाऱ्या असतात, पडदे अर्धे ओढलेले असतात. पाहुण्यांना वाटतं विजेची काटकसर चालली आहे. खरं कारण असं की उजेडाने रेशीम, कागद आणि जलरंग कायमचे विटतात, म्हणून खोलीतला उजेड मोजून ठेवतात. दाराशी दोन मिनिटं उभं राहिलं की डोळे सरावतात आणि भरजरी काम दिसायला लागतं. पाठीवरची पिशवी पुढे घ्यायला सांगतात, टोकदार टाचेच्या चपला जुन्या लाकडी जमिनीला खड्डे पाडतात म्हणून चालत नाहीत. फ्लॅशशिवाय फोटो बहुतेक ठिकाणी चालतो.

पूर्ण घर एका दिवसात पाहायचा अट्टाहास सोडा. सदस्यत्वाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे की परत येता येतं. एका भेटीत फक्त स्वयंपाकघर आणि नोकरांचा जिना पाहा: पितळी घंटांची रांग, तांब्याची भांडी, पाटा-वरवंट्याच्या जागी असलेले दगडी खल. आपल्या आया तिथे दिवाणखान्यापेक्षा जास्त रमतात. पुढच्या भेटीत ग्रंथालय. मुलांना कोडी आणि शोधपत्रिका देतात, त्या दारातच मागून घ्या.

घरचं खाणं न्यायला बागेत आणि हिरवळीवर कोणी अडवत नाही. दशम्या, चटणी, थालीपीठ आणि थर्मासमधला चहा नेला की चौघांच्या जेवणाचे पैसे वाचतात. तिथल्या उपाहारगृहात शाकाहारी काही ना काही असतंच. दूध-लोणी टाळणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट: नॅशनल ट्रस्टचे स्कोन कित्येक वर्षांपासून दूध-लोण्याशिवाय केले जातात. सोबत येणारं क्रीम अर्थात दुधाचं. तरी काउंटरवर घटकांची यादी मागून खात्री करून घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरेच वाडे आतून बंद किंवा थोड्याच खोल्यांपुरते उघडे असतात, किल्ल्यांपैकी काही शनिवार-रविवारीच उघडतात. म्हणून सदस्यत्व ऑक्टोबरात सुरू करू नका. मार्च-एप्रिलमध्ये घेतलं तर पूर्ण हंगाम मिळतो, आणि बारा महिन्यांची मुदत संपताना पुढच्या वसंताची पहिली फेरीही पदरात पडू शकते. पैशांची अगदीच ओढ असेल त्यांनी सप्टेंबरमधले हेरिटेज ओपन डेज लक्षात ठेवावेत. १९९४ पासून चालत आलेल्या या उपक्रमात इंग्लंडभर एरवी बंद असलेल्या किंवा तिकीट असलेल्या कितीतरी इमारती फुकट उघडतात. त्यातल्या काहींना आधी नाव नोंदवावं लागतं आणि जागा लवकर भरतात.

शेवटी: नूतनीकरण करायचं की नाही

अकराव्या महिन्यात आठवण वाजली की वर्षभरातल्या भेटी कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर तिकीट किती पडलं असतं ते मांडा, पार्किंगसकट. बेरीज वर्गणीपेक्षा कमी असेल तर रद्द करा, आणि ज्या एका जागी पुन्हा जावंसं वाटतं तिथे तिकीट काढून जा. दुसऱ्या संस्थेकडे वळायचं असेल तर आधीचं सदस्यत्व संस्थेला कळवून थांबवा, मग बँकेतला डायरेक्ट डेबिट बंद करा. नुसतं बँकेतून बंद केलं तर स्मरणपत्रं येत राहतात. भारतात कायमचं परतणार असाल किंवा गाव बदलणार असाल, तर पत्ताही वेळेत कळवा, कारण नवी कार्डं आणि नूतनीकरणाची सूचना दोन्ही जुन्या पत्त्यावर जातात.